टकटक आणि किल्ली

दारावर बोटांची टकटक होते आणि कुलपात किल्ली फिरते, या दोन आवाजांच्या मध्ये एक श्वास पुरता आत घेता येत नाही. मी हे नीट पाहिलेलं आहे. टकटक ऐकू येताच श्वास घ्यायला सुरुवात केली, तर छाती अर्धी भरते तोवर दार उघडलेलं असतं आणि उरलेला अर्धा श्वास इमारतीच्या व्यवस्थापकाच्या, फिंटनच्या समोर घ्यावा लागतो. याचा अर्थ एवढाच की किल्ली आधीच भोकात घातलेली असते. एका हाताने किल्ली धरून तो दुसऱ्या हाताने टकटक करतो. ती विचारणा नसते, किल्लीचाच थोडा आधी निघालेला आवाज असतो. हे मला बरेच महिने माहीत होतं, जशी खिडकीच्या चौकटीतली ओल माहीत होती, आणि दोन्हींबद्दल मी काही केलं नव्हतं. त्या मंगळवारी माझी मुलगी सेकाई शाळेतून भिजून आली. समुद्रावरून येणारा पाऊस इथे आडवा येतो, छत्रीला जुमानत नाही. पलंग आणि भिंत यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत उभी राहून ती ओला गणवेश बदलत होती आणि मी तिच्याकडे पाठ करून हीटरवर तिचे मोजे पसरत होते. टकटक, किल्ली. सेकाई खाली बसली. बसली असंही नाही, एकदम खाली गेली आणि पलंगावरची चादर तिच्यामागोमाग ओढली गेली. "माफ करा हं, मंडळी," असं म्हणून फिंटन छताकडे बघत आत आला, कारण त्याला धूर ओळखणारं यंत्र तपासायचं होतं. आणि मी वळले. खुर्चीवरचे कपडे उचलले, खुर्ची त्याच्यापुढे सरकवली, गुडघे किंचित वाकवले, दोन्ही तळहातांच्या वाट्या करून एकमेकींवर हलकेच वाजवल्या, जशा आलेल्या माणसाला मान द्यायला आमच्या बायका वाजवतात, आणि म्हणाले, "बसा." तो हसला. "नाही, बसत नाही. तुम्ही म्हणजे अगदी राणीसाहेब आहात." त्याने यंत्राचं बटण दाबलं, ते किंचाळलं, त्याने मान डोलावली, मनाई असलेली विजेची शेगडी कुठे लपवलेली नाही ना हे सवयीने कपाटाच्या वर पाहिलं, आणि दार ओढून तो गेला. चादरीखालून सेकाईचा आवाज आला. रडका नव्हता. एखादी नोंद करावी तसा कोरडा होता. "आई, तू त्याला बस म्हणालीस."

मी मोजे हीटरवर उलटे केले. तिचं म्हणणं खरं होतं आणि तरी त्यात काहीतरी सुटत होतं, आणि काय सुटतंय ते मला त्या क्षणी सांगता आलं नाही. माझ्या आईच्या घराला दार होतं, पण घर दारापाशी सुरू होत नसे. झाडलेली माती जिथे संपते आणि गवत लागतं, तिथे ते सुरू होई. येणारा तिथे उभा राहायचा आणि हाक द्यायचा: गोगोगोई. टकटक करायला तिथे काही नसतंच, म्हणून तोंडानेच करायची. मग आतून उत्तर येईपर्यंत थांबायचं. आई कधी चुलीपाशी असे, कधी अंघोळीला, कधी नुसतीच बसलेली असे आणि तिला लगेच उठावंसं वाटत नसे; तरी बाहेरचा उभाच. सख्खा काका असो, गावचा मुखिया असो, उन्हाने डोकं तापलेलं असो. आतून "या" आलं की मगच पाय उचलायचा. आणि एकदा माणूस आत आला की मात्र तो पाहुणा. त्याला बसवायचं, ओंजळ वाजवून मान द्यायचा, घरची खुशाली विचारायची, पाणी पुढे करायचं. आत आलेल्यावर आवाज चढवणं म्हणजे आपण आपल्याच घराची लाज काढणं. हाक आणि पाणी या दोहोंच्या मध्ये एक थांबण्याची जागा असते आणि ती घरातल्या बाईच्या मालकीची असते. तिला आमच्या भाषेत नाव नाही, कारण ती कुणी कधी काढून घेतलेली नव्हती. फिंटन ती जागा ओलांडूनच आलेला असे. त्याला ती दिसतच नव्हती. आणि माझ्या हातांना एवढंच कळत होतं की माणूस आत उभा आहे.

फिंटन वाईट माणूस नाही, हे मला स्वतःला पुन्हा पुन्हा सांगावं लागे, आणि ते खरंच आहे. तो या गावचाच. ही इमारत हॉटेल होती तेव्हा तो इथे पाहुण्यांच्या बॅगा उचलायचा. नंतर हॉटेल बंद पडलं, सरकारने आमच्यासारख्या, देश सोडून आश्रय मागणाऱ्यांना ठेवायला ते भाड्याने घेतलं, आणि तो व्यवस्थापक झाला. खोल्यांचे आकडे तेच, गालिचे तेच, किल्ल्यांचा जुडगाही तोच. मला वाटतं, त्याच्या लेखी आम्ही अजून पाहुणेच होतो, फार लांबलेल्या मुक्कामाचे, ज्यांच्या खोलीत चादरी बदलायला नोकरांनी जायचंच असतं. मुलांना तो संध्याकाळी मागच्या मैदानावर काठी-चेंडूचा त्यांचा खेळ शिकवतो. सेकाईला त्याने आपल्या भाचीचा रेनकोट आणून दिला होता. अशा माणसाच्या तोंडावर काय फेकायचं? शिवाय आमचा आश्रयाचा अर्ज एकदा नाकारला गेला होता आणि अपील चालू होतं. खालच्या मजल्यावरचा नुगझार, जॉर्जियाचा, गादीतल्या किड्यांबद्दल तक्रार घेऊन बसला, आणि त्याच महिन्यात त्याला देशाच्या पार दुसऱ्या टोकाला हलवण्यात आलं. फिंटन म्हणाला, योगायोग. असेलही. दोन घटना लागोपाठ घडल्या म्हणून पहिलीने दुसरी घडवली असं होत नाही, हे मला कुणी शिकवायला नको. पण सामान बांधायला लागलेल्या माणसाला त्या नियमाचा काही उपयोग नसतो.

तिकडे आमच्या देशात, मास्विंगोला, मी जनावरांच्या रोगांच्या प्रयोगशाळेत होते. गोचिडांमुळे गाई मरतात त्या ज्वराचं काम. रक्ताचे नमुने, काचपट्ट्या, आणि आतल्या बाजूला एक छोटी खोली, जिथे जंतूंची रोपणं करायची. त्या खोलीच्या दारावर लाल दिवा होता. आत कुणी काम करत असलं की तो लागायचा, आणि तो लागलेला असताना दार उघडायचं नाही, कारण उघडणाऱ्याच्या अंगावरची हवा आत येते आणि आठवड्याचं काम नासतं. नियम सगळ्यांना होता. एकदा मी बाहेर आले तर संचालक स्वतः भिंतीला टेकून उभे होते, हातात राजधानीहून आलेला कागद, आणि चेहऱ्यावर बराच वेळ थांबलेल्या माणसाचा कंटाळा. मला म्हणाले, "चिहेरा, झालं तुमचं?" चिहेरा हे माझं नाव नाही; एलंड, म्हणजे गाईएवढं ते दांडगं हरीण, ज्या कुळांचं देवक आहे त्या कुळांतल्या लेकींना असं म्हणतात, आणि चिहेरा बायका नवऱ्याला दबत नाहीत अशी त्यांची देशभर ख्याती आहे, त्यामुळे ते म्हणताना बहुतेक लोकांच्या आवाजात थोडी चेष्टा असते. त्यांच्या नव्हती. मला पुढे पदव्या मिळाल्या, एक पदकही मिळालं, ते कुठे आहे मला माहीत नाही. पण माझ्या दाराबाहेर थांबलेला तो माणूस मी अजून जपून ठेवला आहे. इथे आल्यापासून अधूनमधून तो मला भिंतीला टेकलेला दिसतो, याच बोळात, याच मळक्या गालिच्यावर, आणि मग फिंटनच्या जुडग्याचा आवाज येतो.

कपडे धुवायची यंत्रं तळघरात आहेत. तिथे माई फराई भेटली. ती आमच्याच मुलुखाची, माझ्याहून वयाने मोठी, पलीकडच्या खोलीत एकटी राहते. तिचा मुलगा फराई केप टाउनला आहे; त्याची आई म्हणून ती माई फराई, जशी मी माई सेकाई. आमच्यात प्रत्येक घराण्याचा एक ठरलेला थट्टेकरी असतो, रक्ताच्या नात्याबाहेरचा, ज्याला लग्नात आणि मयतातही तोंडावर काहीही बोलायचा हक्क असतो. माझ्या घराण्याचा थट्टेकरी तिकडे राहिला. पहिल्याच आठवड्यात माई फराईने ती जागा विचारल्याशिवाय घेतली.

"तुझ्या हातांना लकवा का होत नाही गं, माई सेकाई?" ती यंत्रात कपडे कोंबत म्हणाली. "तो आला की वाजलेच. नाटक बघायला आल्यासारखे."

"सवय आहे."

"सवय मलाही आहे. म्हणून तो आला की मी घोरते. भर दुपारी घोरते. परवा म्हणे, तुम्हाला डॉक्टरला दाखवू या."

मला हसू आलं. मग मी तिला चादरीचं सांगितलं आणि सेकाई काय म्हणाली तेही. तिने यंत्राचं झाकण लावलं आणि सुरू करायचं विसरून त्यावर बसली.

"माकडाच्या देवकाची बाई मी," ती म्हणाली. "आम्हाला संकट दिसलं की आम्ही झाडावर. तुम्ही एलंडवाले. एवढं मोठं जनावर, हातभर शिंगं, आणि कुंपण आलं की उभं राहून विचार करतं."

"एलंड उडी मारतं. उभ्या जागेवरून."

"ऐकून आहे," माई फराई म्हणाली. "बघितलं नाही अजून."

असली गोष्ट आमच्यात ज्याची त्याने बोलायची नसते. मधलं माणूस पाठवायचं. लग्नाचं बोलणं असो, भांडण असो, शेजाऱ्याची गाय शेतात शिरलेली असो, मधलं माणूस जातं, चार इकडच्या चार तिकडच्या गोष्टी करतं, नाव न घेता गोष्ट सोडून येतं, आणि समोरचा समजून घेतो. त्याचीही अब्रू राहते, आपलीही. म्हणून माई फराई फिंटनच्या ऑफिसात गेली आणि मी बाहेर जुन्या आरशासमोर उभी राहिले. दार उघडंच होतं. त्याचं दार नेहमी उघडंच असतं, याचा त्याला अभिमान आहे.

"मिस्टर फिंटन, घरात वाढती मुलगी असली की घर लहान होतं," माई फराईने सुरुवात केली.

"कुणाला मोठी खोली हवीय का? यादीत घालतो, पण वेळ लागेल."

"खोली आहे ती ठीक. भिंती का कुणाच्या वाढतात? दाराचं म्हणत होते मी."

"दार अडकतंय?" त्याच्या आवाजात काळजी होती, खरी. "या हवेत लाकूड फुगतं हो. रंधा आणतो."

"अडकत नाही, मिस्टर फिंटन. दार फारच सहज उघडतं."

"मग चांगलंच की."

त्याची खुर्ची करकरली. मग तो म्हणाला, "बघा, कुणाला अडचण असेल तर तिलाच पाठवा माझ्याकडे. कोण आहे ती? नाव सांगा." माई फराई म्हणाली, "नाव कशाला. एका बाईचं म्हणणं आहे एवढंच." आणि बाहेर येऊन माझ्यासमोर आरशात बघत तिने पदर सारखा करावा तसा डोक्याचा रुमाल सारखा केला. "गाढवाला बायबल वाचून दाखवलं," ती आमच्या भाषेत म्हणाली. "पण माणूस प्रेमळ आहे. मला बिस्कीट दिलं."

दुसऱ्या दिवशी तो रंधा घेऊन आला. टकटक, किल्ली. कुठलं दार ते त्याने बरोबर ओळखलं होतं, फक्त तेवढंच ओळखलं होतं. गुडघ्यावर बसून त्याने आमच्या दाराची कड मन लावून तासली. पांढऱ्या सालींचा ढीग गालिच्यावर साचला आणि खोलीत क्षणभर ताज्या लाकडाचा चांगला वास आला. मी खुर्ची पुढे केली. हात वाजले की नाही ते मला आठवत नाही, म्हणजे वाजले असणार. काम झाल्यावर तो घाम पुसत त्या खुर्चीवर पहिल्यांदाच बसला आणि म्हणाला, "येत्या गुरुवारी वरून तपासणीच्या बाई येणार आहेत. कुणीतरी कळवलंय त्यांना, खोल्यांत न विचारता येतात म्हणून. बिननावी. असले लोक असतात. मी त्यांना कळवून टाकलंय की रहिवाशांची काही हरकत नाही, उलट आदराने बसवतात. तुमचंच उदाहरण दिलं. ते टाळ्यांचं वगैरे. त्या बाईंना फार आवडलं. गुरुवारी तुम्ही दोन शब्द बोलाल ना? तुमचं इंग्रजी चांगलं आहे." मी म्हणाले, "ऐकलं मी." आमच्यात याचा अर्थ एवढाच की तुमचं बोलणं माझ्या कानापर्यंत आलं. तो उठला, माझा हात हातात घेऊन हलवला, म्हणाला, "मला माहीत होतं." तो गेल्यावर मी दार उघडून आणि लावून पाहिलं. पूर्वी ते उघडताना कड चौकटीला घासून एक खरखर होत असे. आता काहीच होत नव्हतं.

उदाहरण. मी त्या शब्दापाशी बराच वेळ अडकून राहिले. माझ्या आईने मला शिकवलेली, तिला तिच्या आईने शिकवलेली एक वागण्याची रीत, जिच्यामुळे मी कुठेही कुणाची मुलगी आहे हे ओळखू येतं, ती त्याने उचलून कागदावर माझी संमती म्हणून चिकटवली होती. प्रयोगशाळेत आम्ही नव्या मुलांना शिकवायचो की काचपट्टीवर जे दिसतं ते कुठल्या क्रमाने तिथे आलं हे माहीत नसेल तर निष्कर्ष काढू नका. डाग आधीचा असू शकतो, नमुना नंतरचा. फिंटनने क्रम पाहिलाच नव्हता. तो आत आला म्हणून मी बसा म्हणत होते. त्याने वाचलं, ही बसा म्हणते म्हणून मी आत जातो. आणि हे मला कळलं तेव्हा प्रथम राग त्याचा नाही, माझ्या हातांचा आला, आणि त्यानंतर, फार हळू, जेवणाच्या रांगेत ताट धरून उभी असताना, त्या हातांची बाजू घ्यावीशी वाटली. हात बरोबरच होते. चूक त्यांच्या आधीच्या क्षणात होती, आणि त्या क्षणात हातांना नाही, तोंडाला काम होतं.

सेकाई आता कपाटात कपडे बदलायला लागली होती. कपाटाचं दार उघडायची, आतल्या हँगरांखाली वाकून उभी राहायची, दार आतून बोटांनी ओढून धरायची. हँगर एकमेकांवर आपटल्याचा आवाज यायचा. तेरा वर्षांची, उंच, माझ्या भावासारख्या मोठ्या खांद्यांची मुलगी. बाहेर आली की केस सारखे करायची आणि काही घडलंच नाही अशी अभ्यासाला बसायची. शाळेत तिला विज्ञानाच्या बाई आवडतात, ओर्ला नावाची मैत्रीण आहे, दोघी भरती-ओहोटीच्या वेळा मोजत किनाऱ्यावर फिरतात. तीन वर्षांत हे एवढं उगवलं होतं. मी कपाटाकडे बघत म्हणाले, "मी गुरुवारी बोलले, तर आपल्याला हलवू शकतात."

"माहितीय. नुगझारकाकांना हलवलं."

"ती शाळा सुटेल, कदाचित. ओर्ला सुटेल."

"कदाचित."

"तुला काय वाटतं?"

ती वहीत रेघ मारत होती. पट्टी न हलवता म्हणाली, "मला विचारू नकोस ना. मी हो म्हटलं तर तू माझ्यासाठी बोलशील, नको म्हटलं तर माझ्यासाठी गप्प बसशील. दोन्हीकडून माझ्यावरच." मग थोड्या वेळाने, "मी तेव्हा लहान होते, पण मला आठवतं. तू त्यांनाही पाणी दिलंस."

आम्ही देश सोडण्याआधी ते सकाळचे आले होते, चार जण, स्वच्छ कपड्यांत. अंगणाच्या कडेला थांबले नाहीत, हाक दिली नाही. तोंड उघडायच्या आधीच मला कळलं ते यावरून. गारिकाईने, माझ्या भावाने, निवडणुकीत शाळेतल्या केंद्रावर मतं मोजली होती आणि नियमाप्रमाणे आकडे शाळेच्या दारावर लावले होते. सत्ताधाऱ्यांच्या माणसांनी काढ म्हटल्यावर काढले नव्हते. ते थेट आत आले आणि मी त्यांना बसवलं. पाणी दिलं. एकाने पेला दोन्ही हातांनी घेतला, चांगल्या घरचा असावा तसा. मग ते गारिकाईला घेऊन गेले आणि तो कुठेच सापडला नाही. पाण्यावरून मी पुढे पुष्कळ दिवस स्वतःला खात राहिले, तेव्हा आई म्हणाली, "पाणी तू दिलंस ते माझ्या घराचं वळण. त्यांनी जे केलं ते त्यांच्या घराचं. त्यांचं ओझं तू का वाहतेस?" आणि मी चौकीवर गेले. त्या चौघांपैकी दोघे कोणाचे कोण ते मला माहीत होतं. मी त्यांची नावं सांगितली, टेबलाशी उभी राहून, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. मधलं माणूस पाठवलं नाही. त्या सांगण्याची किंमत म्हणून नोकरी, घर आणि लाल दिव्याचं ते दार मागे राहिलं. तेव्हापासून माझ्या मनाने एक धडा घेतला होता: तोंडाने नाव घेतलं की राहती जागा जाते. एकाच निरीक्षणावर काढलेला निष्कर्ष. कुठल्याही विद्यार्थ्याचा मी तो खोडला असता.

"दिलं," मी सेकाईला म्हणाले. "पाणीही मीच दिलं आणि चौकीवर नावंही मीच घेतली. ते तू पाहिलं नाहीस, तू आजीपाशी होतीस."

तिने पट्टी खाली ठेवली. माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी तिच्याकडे ती चालायला लागली त्या दिवशी पाहिलं असेन. "हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"त्यात सांगण्यासारखं काय."

"मग ठरव ना, आई," ती म्हणाली आणि वही पुढे ओढली.

मी ठरवलं नाही. बुधवारी ठरवलं नाही, गुरुवारी सकाळी भांडी घासतानाही नाही. ठरवण्याऐवजी मी माझा चांगला निळा झगा काढला, इस्त्री केली, डोक्याला त्याच रंगाचा रुमाल बांधला. माई फराईने मला जिन्यात वरपासून खालपर्यंत पाहिलं. "लग्न आहे का कुणाचं?" मी म्हणाले, "तू बोल माझ्या वतीने. नाव न घेता." ती म्हणाली, "परत रंधा आणेल तो." पण मान हलवली. मधल्या माणसाला नाही म्हणता येत नाही.

जेवणाचा हॉल पूर्वी लग्नांचा होता. छताला अजून काचेचं झुंबर आहे, त्यातले अर्धे दिवे गेलेले, आणि खाली आमची प्लास्टिकची टेबलं. उकडलेल्या बटाट्याचा वास भिंतींत मुरला आहे. लोक बरेच जमले होते, पण भिंतीलगत, दारापासून जवळ. तपासनीस बाई बारीक चणीच्या, कापलेल्या पांढऱ्या केसांच्या, आवाज खालचा. त्यांनी विचारलं की खोल्यांच्या तपासणीबद्दल कुणाला काही सांगायचं आहे का. ज्याला एकट्याने सांगायचं त्याने एकट्याने सांगितलं तरी चालेल. कुणी हललं नाही. एक सोमाली बाई मांडीवरच्या बाळाचं टोपडं काढून पुन्हा घालत होती. सेकाई मागे, पाण्याच्या पिंपाजवळ, शाळेच्या गणवेशात उभी होती. ती शाळेतून लवकर आली होती, आणि मी तिला ये म्हटलं नव्हतं.

"बघितलंत ना," फिंटन म्हणाला, आणि त्याचा चेहरा आनंदाने लाल झाला होता. "इथे आम्ही घरासारखे राहतो. ह्या बाईंनाच विचारा. मी दारात गेलो की खुर्ची पुढे करतात. ओंजळ वाजवून स्वागत करतात, त्यांच्याकडची पद्धत आहे ती. मला माझ्या सख्ख्या बहिणीकडे एवढा मान मिळत नाही." काही लोक हसले. त्याच्या बोलण्यात खोटं काहीच नव्हतं, आणि मला हेही दिसलं की हा मान त्याला खरंच हवासा वाटत होता, तो घरी जाऊन बायकोला सांगत असेल. सगळी डोकी माझ्याकडे वळली होती. तपासनीस बाई पेन न उचलता म्हणाल्या, "असं आहे का? म्हणजे तुमची हरकत नसते?"

माई फराई घसा साफ करून उठली. "मॅडम, आमच्यातली एक बाई आहे," ती म्हणाली, अगदी रीतीप्रमाणे, हात पोटाशी जोडून, नजर खाली, "तिचं म्हणणं असं की पाहुणा आला तर आनंदच, पण घरात मुलगी मोठी होते आहे, आणि वारा येतो तोसुद्धा आधी पानं हलवतो..." फिंटन माझ्याकडे बघून डोळा मिचकावत होता, की या बाई पुन्हा दाराबद्दल बोलतायत. तपासनीस बाईंनी सौम्यपणे विचारलं, "कोण आहे ती बाई? इथे आहे का?" माई फराई थांबली. मधलं माणूस नाव सांगत नाही. आणि तिने नाव सांगितलं नाही. ती नुसती उभी राहिली, म्हातारी, माझ्यासाठी, एवढ्या लोकांत. मी विचार करत होते की आम्हाला हलवू शकतात, हे सेकाईला आजच ओर्लाला सांगावं लागेल. मग मी माई फराईच्या दंडावर हात ठेवला आणि तिला खाली बसवलं.

"फिंटन म्हणतात ते खरं आहे," मी म्हणाले. "मी त्यांना बसा म्हणते. माझ्या घरात उभ्या असलेल्या माणसाला मी बसाच म्हणेन, उद्याही म्हणेन. पण 'आत या' असं मी त्यांना एकदाही म्हटलेलं नाही, कारण तोवर ते आत आलेले असतात." माझा आवाज हॉलच्या शेवटपर्यंत जात होता. फिंटनच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरत होता आणि मला त्याचं वाईट वाटलं, आणि वाईट वाटूनही मी त्याच्यावरची नजर काढली नाही. "ती बाई मी आहे. खोली बावीस. हे माझ्या नावाने लिहून घ्या. यापुढे मी 'या' म्हटल्याशिवाय माझ्या दाराला किल्ली लावायची नाही. बाहेर थांबायचं."